गायक, संगीतकार आणि हौशी शर्यतपटू डेव्हिड हॅलिडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिड हॅलिडे कोण आहेत?

डेव्हिड हॅलिडे (फ्रेंच उच्चार दाविद आलिदे) हे फ्रान्समधील गायक, गीतकार व संगीतकार असून स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतींत हौशी चालक म्हणूनही ते उतरत आले आहेत. त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९६६ रोजी पॅरिसला खेटून असलेल्या बूलोन्य-बियांकूर या शहरात झाला. सेन नदीतील बेटावरचा रेनॉ मोटारींचा अवाढव्य कारखाना याच शहरात होता आणि तो १९९२ मध्ये बंद झाला. अर्थात, मोटारींची ओढ जन्मगावामुळे लागते असे मानण्याचे कारण नाही. हॅलिडे यांच्या घरात त्यासाठी याहून जवळची कारणे होती. वडील जॉनी हॅलिडे हे फ्रेंच रॉक संगीतातील सर्वांत मोठे नाव, तर आई सिल्वी वार्तां ही बल्गेरियात जन्मलेली, लहानपणी पॅरिसला आलेली आणि १९६०च्या दशकात फ्रान्समधील तरुण पिढीची लाडकी झालेली गायिका. असे आईवडील लाभलेल्या मुलाची ओळख त्याच्या आधीच घरोघरी पोहोचलेली असते, आणि डेव्हिड यांच्याविषयी विचारले जाणारे निम्मे प्रश्न या एकाच गोष्टीतून निघतात.

‘हॅलिडे’ हे त्यांचे खरे आडनाव आहे का?

नाही. घराण्याचे आडनाव स्मेट असे आहे. जॉनी यांचे मूळ नाव जाँ-फिलिप स्मेट. त्यांचे वडील बेल्जियन होते. जॉनी यांचे बालपण आत्याच्या कुटुंबात गेले आणि तेथे सख्ख्या बहिणीसारख्या असलेल्या आतेबहिणीचा अमेरिकी नर्तक पती रंगमंचावर ली हॅलिडे या नावाने वावरत असे. त्याच्यावरून जॉनी यांनी हे नाव घेतले. १९६० मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा वेष्टनावर नावाचे स्पेलिंग चुकीचे छापले गेले आणि तीच चूक पुढे कायम झाली. डेव्हिड यांनी कलाक्षेत्रासाठी हेच नाव ठेवले, तर त्यांच्या सावत्र भगिनी, अभिनेत्री लॉरा स्मेट, या मूळ आडनावानेच काम करतात.

संगीताकडे ते कसे वळले?

त्यांचे पहिले वाद्य ड्रम्स. मामा एडी वार्तां हे संगीतकार आणि वाद्यवृंदाचे संचालक होते, त्यामुळे तालमीची खोली आणि घर यांत फारसे अंतर नव्हते. आईवडिलांचा घटस्फोट १९८० मध्ये झाला. त्यानंतर आईसोबत त्यांचा मुक्काम मोठ्या प्रमाणावर लॉस एंजेलिसमध्ये राहिला आणि त्यामुळे त्यांची सुरुवातीची कारकीर्द इंग्रजीत घडली, ही गोष्ट फ्रान्सबाहेरील श्रोत्यांना सहसा ठाऊक नसते. १९८७ मध्ये त्यांनी ‘ही’ज माय गर्ल’ या अमेरिकी विनोदी चित्रपटात काम केले. पुढच्याच वर्षी ‘ट्रू कूल’ हा अल्बम आला आणि त्यातील ‘हाय’ हे इंग्रजी गाणे फ्रान्समध्ये कमालीचे गाजले.

फ्रेंच भाषेतील खरे यश मात्र दहा वर्षांनी मिळाले. १९९९ मध्ये ‘त्यू न मा पा लेसे ल तां’ हे त्यांचे गाणे फ्रान्समधील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. संथ चालीच्या या गाण्यात, ज्याच्याशी बोलायचे राहून गेले अशा माणसाला उद्देशून तक्रार केलेली आहे. अमेरिकी धाटणीच्या रॉकमध्ये वाढलेल्या या गायकाचा आवाज फ्रेंच शब्दांत अधिक मोकळा वाटतो, असे आमचे मत आहे. सुरुवातीच्या इंग्रजी गाण्यांत तो चांगला असूनही इतर अनेकांसारखाच ऐकू येतो.

वडिलांच्या पुण्याईवरच त्यांचे चालले, या आक्षेपात तथ्य किती?

दारे लवकर उघडली, यात शंका नाही. परंतु १९९९ सालच्या एका घटनेने हा हिशेब बराच गुंतागुंतीचा केला. त्या वर्षी जॉनी हॅलिडे यांचा ‘सां पूर सां’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि त्यातील गाण्यांना चाली डेव्हिड यांनी दिल्या होत्या. हा अल्बम जॉनी यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीतील सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यातील ‘विव्र पूर ल मेयर’ हे गाणे आजही जॉनी यांच्या निवडक गाण्यांच्या कोणत्याही संग्रहात आढळते.

पन्नाशी ओलांडलेल्या, चार दशके गाजत असलेल्या गायकाचा आवाज कोठे ताणायचा आणि कोठे सैल सोडायचा, हे मुलाने नेमके ओळखले होते. जॉनी यांच्यासाठी याआधी अनेक नामवंतांनी गाणी रचली होती. त्या रांगेत उभे राहणे हे केवळ मुलगा असल्यामुळे जमण्यासारखे नव्हते, कारण चाल फसली असती तर बाप आणि लेक दोघांचेही हसे झाले असते. डेव्हिड यांच्या संगीताचे मोजमाप करायचे असेल तर ते गायक म्हणून किती लोकप्रिय होते यापेक्षा संगीतकार म्हणून त्यांनी या एका अल्बमात काय केले, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

जॉनी हॅलिडे यांच्या मृत्युपत्राच्या वादात त्यांचा संबंध काय होता?

जॉनी यांचे निधन ५ डिसेंबर २०१७ रोजी झाले आणि चार दिवसांनी पॅरिसच्या रस्त्यांवर लाखो लोक अंत्यदर्शनाला जमले. कॅलिफोर्नियात केलेल्या मृत्युपत्रानुसार सर्व मालमत्ता पत्नी लेतिसिया यांच्याकडे जाणार होती. फ्रेंच कायद्यात मुलांना वारशातून पूर्णपणे वगळता येत नाही, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात येते. त्यामुळे कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा, हा खरा प्रश्न होता. डेव्हिड आणि लॉरा यांनी २०१८ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि मे २०१९ मध्ये नांतेर येथील न्यायालयाने हे प्रकरण फ्रान्समध्येच चालू शकते असा निर्णय दिला. २०२० मध्ये लॉरा यांनी तडजोड केली, तर डेव्हिड यांनी आपला दावा सोडून दिला. याच काळातील ‘मा देर्निएर लेत्र’ हे २०१८ चे गाणे वडिलांना लिहिलेल्या अखेरच्या पत्राच्या रूपात आहे. वर्तमानपत्रांतील रकाने वाचण्याऐवजी ते ऐकावे.

शर्यतींचे वेड वडिलांकडून आले का?

जॉनी हॅलिडे हे मोटारी आणि मोटारसायकलींचे शौकीन होते, आणि हा शौक केवळ छायाचित्रांपुरता नव्हता. जानेवारी १९६७ मध्ये, म्हणजे डेव्हिड जेमतेम पाच महिन्यांचे असताना, ते आंरी शमां यांच्यासोबत फोर्ड मस्टँग घेऊन मॉन्टे कार्लो रॅलीत उतरले होते. पुढे २००२ च्या डाकार रॅलीत त्यांनी रने मेत्झ यांच्या साथीने निसान चालवली आणि वाळवंट पार करून शर्यत पूर्णही केली. मेत्झ हे ही रॅली १९८१, १९८४ आणि १९८६ अशी तीनदा जिंकलेले चालक. अठ्ठावन्न वर्षांच्या रॉक गायकाने त्यांच्या शेजारी बसून डाकार गाठणे, हे त्या वर्षीच्या फ्रेंच वृत्तपत्रांना पुरून उरले.

तरीही बापलेकांच्या वाटा वेगळ्या होत्या. रॅली ही उघड्या रस्त्यांवर किंवा रानोमाळ, घड्याळाशी झुंजत चालवायची असते. तेथे बाजूला सहचालक असतो आणि समोर प्रतिस्पर्धी सहसा दिसत नाही. डेव्हिड यांनी निवडलेल्या सर्किटवरील, म्हणजे फेऱ्या मारण्याच्या बंद मार्गावरील, शर्यतीत चालक गाडीत एकटा असतो आणि प्रतिस्पर्धी मात्र हाताच्या अंतरावर असतात.

त्यांच्या कुटुंबात मोटार अपघातही झाले होते, हे खरे का?

होय. २० फेब्रुवारी १९७० रोजी पूर्व फ्रान्समध्ये बेल्फोर शहराजवळ जॉनी चालवत असलेली सित्रोएन गाडी घसरून अपघात झाला आणि सिल्वी वार्तां यांच्या चेहऱ्याला गंभीर इजा झाली. उपचारांसाठी त्यांना अमेरिकेत जावे लागले. त्याआधी १९६८ मध्येही त्यांच्या गाडीला अपघात होऊन सोबतच्या मैत्रिणीचा मृत्यू झाला होता. या घटनांचा डेव्हिड यांच्या शर्यतींशी संबंध जोडणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हा काय उमटले असेल, यावर तर्क लढवण्यात आम्हाला रस नाही. लक्षात घ्यायची गोष्ट इतकीच की हे दोन्ही अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाले, सर्किटवर नव्हे.

स्पोर्ट्‌स कारची शर्यत आणि फॉर्म्युला वन यांत फरक काय?

फॉर्म्युला वनची गाडी एका चालकाची, उघड्या चाकांची आणि केवळ शर्यतीसाठीच जन्मलेली असते. स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतींत दोन जाती ढोबळमानाने दिसतात: एक म्हणजे शर्यतीसाठीच बांधलेल्या, झाकलेल्या चाकांच्या ‘प्रोटोटाइप’ गाड्या, आणि दुसरी ‘जीटी’, म्हणजे दुकानात विकत मिळणाऱ्या पोर्श, फेरारी, अ‍ॅस्टन मार्टिन, कॉर्व्हेट यांसारख्या गाड्यांची शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती. हॅलिडे यांची ओळख आहे ती प्रामुख्याने फ्रान्समधील जीटी शर्यतींतली.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा फरक असा की येथे एकच गाडी दोघे किंवा तिघे जण आळीपाळीने चालवतात. शर्यत एका तासाची असेल, सहा तासांची असेल किंवा चोवीस तासांची. मध्ये पिटमध्ये, म्हणजे सर्किटलगतच्या थांब्यावर, येऊन इंधन भरायचे आणि टायर व चालक बदलायचे असतात. गाडीची सीट, पेडल आणि पट्टे हे सर्व वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना काही सेकंदांत बसायला हवेत. पायउतार होणारा चालक पुढच्याचे पट्टे आवळून देतो, रेडिओची तार जोडतो आणि मग बाजूला होतो. या बदलाचा सराव संघ गॅरेजमध्ये पुनःपुन्हा करतात, कारण येथे गमावलेले सेकंद सर्किटवर भरून काढणे फार महाग पडते.

एक गायक व्यावसायिक चालकांच्या बरोबरीने एकाच शर्यतीत कसा काय उतरू शकतो?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागे बहुधा असा समज असतो की प्रसिद्ध माणसासाठी नियम वाकवले गेले असतील. वस्तुस्थिती उलट आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे नियमच हौशी चालकाला धरून लिहिलेले आहेत.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, दरवर्षी चालकांची वर्गवारी जाहीर करतो. त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ असे चार दर्जे असतात. फॉर्म्युला वनचा अनुभव असलेला किंवा मोठ्या शर्यती जिंकलेला चालक प्लॅटिनममध्ये जातो. ज्याने वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदा परवाना काढला आणि ज्याच्या नावावर मोठे यश नाही, असा चालक साधारणपणे ब्राँझमध्ये येतो. ठरावीक वयानंतर दर्जा खाली आणण्याचीही तरतूद आहे. त्यानंतर प्रत्येक स्पर्धा सांगते की अमुक गटातील गाडीत अमुक दर्जाचे इतके चालक असलेच पाहिजेत. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या प्रसिद्ध शर्यतीत २०२४ पासून जीटी गाड्यांसाठी एलएमजीटी३ हा गट आहे. त्यातील प्रत्येक गाडीत किमान एक ब्राँझ चालक सक्तीचा आहे आणि त्या ब्राँझ चालकाने चोवीसपैकी किमान सहा तास स्वतः गाडी चालवली पाहिजे. म्हणजे हौशी चालकाला दोन फेऱ्या मारायला लावून उरलेली रात्र व्यावसायिकाच्या हाती गाडी देण्याची पळवाट बंद आहे.

याचा परिणाम मोठा गमतीदार होतो. गटातील सर्व व्यावसायिक चालक एकमेकांच्या काही दशांश सेकंदांच्या आत असतात. हौशी चालकांमध्ये मात्र एका फेरीला दोन-तीन सेकंदांचे अंतर सहज पडते. म्हणजे शर्यत पुष्कळदा ठरते ती सर्वांत वेगवान माणसामुळे नव्हे, तर सर्वांत हळू माणूस किती कमी हळू आहे यावरून. साहजिकच, ज्यांचा खरा वेग कागदावरील दर्जापेक्षा बराच अधिक आहे अशा चालकांचा शोध प्रत्येक संघ घेत असतो, आणि कोणाला कोणता दर्जा मिळाला यावरून दरवर्षी वाद झडतात.

तेव्हा गायक, दंतवैद्य, उद्योजक किंवा निवृत्त फुटबॉलपटू हे या खेळात घुसलेले पाहुणे नाहीत. त्यांच्यावाचून जीटी शर्यतींचा तंबूच उभा राहणार नाही.

म्हणजे जागा विकत घेतली जाते, असेच ना?

बहुतेक वेळा होय, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. हौशी चालक किंवा त्याचा प्रायोजक संघाचा खर्च उचलतो. त्यातून गाडीचे भाडे, टायर, यांत्रिकांचे वेतन आणि सोबतच्या व्यावसायिक चालकाचे मानधन निघते. प्रसिद्ध माणसाला प्रायोजक मिळवणे सोपे जाते, एवढी सवलत हॅलिडे यांच्यासारख्यांना निश्चितच असते.

पण पैसे देऊन मिळते ती जागा. वेग मिळत नाही. परवाना लागतो, वैद्यकीय तपासणी लागते. ल मांला पहिल्यांदा येणाऱ्या चालकाला सिम्युलेटरवरील प्रशिक्षण आणि सरावातील ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही, आणि प्रत्येकाला अंधारातही गाडी चालवून दाखवावी लागते. शिवाय आजची प्रत्येक गाडी ब्रेक कोठे दाबला, किती जोराने दाबला आणि कोणत्या वळणावर किती वेळ वाया गेला, याची नोंद ठेवते. पिटमध्ये परतल्यावर तुमचा आलेख आणि व्यावसायिक सहकाऱ्याचा आलेख एकावर एक ठेवून दाखवले जातात. तेथे तुमची किती गाणी गाजली हे कोणी विचारत नाही.

फ्रान्समधील जीटी अजिंक्यपद स्पर्धेचे स्वरूप कसे आहे?

फ्रेंच मोटारक्रीडा महासंघाची (एफएफएसए) ही स्पर्धा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. पूर्वी तीत व्हायपर, फेरारी, कॉर्व्हेट अशा दांडग्या गाड्या धावत. २०१७ पासून ती जीटी४ गटाच्या गाड्यांवर भरवली जाते. जीटी४ गाड्यांची ताकद साधारण ४०० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे जीटी३ या वरच्या गटापेक्षा बरीच कमी, आणि त्यांचा खर्चही त्या मानाने आटोक्यात राहतो. शर्यत एका तासाची, चालक दोन, मध्ये एक बदल. नोगारो, मान्यी-कूर, दिजों-प्रेन्वा, लेदनों आणि पॉल रिकार ही तिची नेहमीची ठिकाणे. यांतील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे: पॉल रिकारला कडेला रंगीत पट्ट्यांचे प्रशस्त डांबर असल्याने चूक पोटात घातली जाते, तर लेदनोंच्या चढउतारांवर आणि आंधळ्या वळणांवर ती क्षमा मिळत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकत्र धावाव्यात म्हणून आयोजक प्रत्येक गाडीचे वजन, इंजिनाची ताकद आणि जमिनीपासूनची उंची यांत फेरबदल करून त्यांना एका पातळीवर आणतात. हरलेला प्रत्येक संघ या फेरबदलांवर खापर फोडतो, हेही या स्पर्धेचे अविभाज्य अंग मानावे.

ल मांची शर्यत हौशी चालकासाठी इतकी अवघड का मानली जाते?

ही शर्यत १९२३ पासून भरते. तिचे सर्किट १३.६२६ किलोमीटरचे असून त्यातील मोठा भाग एरवी सर्वसामान्य वाहतुकीचा रस्ता असतो. पूर्वी सुमारे सहा किलोमीटरची सरळ धाव होती. १९९० मध्ये तीत दोन वळणे घालून वेगाला लगाम घातला गेला. जूनमधील शनिवारी दुपारी चार वाजता शर्यत सुरू होते आणि रविवारी चार वाजता संपते. २०१० मध्ये विजेत्या ऑडीने या वेळात ५,४१० किलोमीटर अंतर कापले; तो आजवरचा उच्चांक आहे.

अंतर आणि जागरण या अडचणी सर्वांनाच असतात. हौशी चालकाची खरी परीक्षा आरशात होते. सर्वोच्च गटातील हायपरकार साधारण साडेतीन मिनिटांत फेरी पूर्ण करते, जीटी३ गाडीला चार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे जीटीच्या चालकाला चोवीस तास सतत कोणीतरी ओलांडून जात असते. मागून येणारे दिवे कोणत्या गटाच्या गाडीचे, ती वळणाच्या आधी पुढे जाईल की नंतर, आणि आपण रेषा न सोडता तिला वाट कशी द्यायची, हे सर्व स्वतःची शर्यत लढता लढता ठरवायचे. घाबरून एकदम बाजूला होणारा चालक सर्वांत धोकादायक, कारण तो पुढे काय करील याचा अंदाज मागच्याला येत नाही. त्यात पाऊस आला, आणि १३ किलोमीटरच्या सर्किटवर तो बहुधा एकाच टोकाला येतो, तर कोरड्या टायरवर ओल्या वळणात शिरण्याची वेळ येते.

कोणत्याही चालकाला सहा तासांच्या कालखंडात चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक काळ गाडी चालवता येत नाही. बंद काचांच्या गाडीत, अग्निरोधक कपड्यांच्या थरांत, मान धरून ठेवणाऱ्या पट्ट्यासह ही मर्यादा गाठणे कोणाला किती जमते, हे तयारीवर अवलंबून असते. विश्रांतीच्या वेळी झोप येणे हेही एक कौशल्यच मानले जाते.

शर्यतीतील आवाजाने गायकाचे कान बिघडत नाहीत का?

धोका खरा आहे आणि तो दोन्हीकडून आहे. ड्रम्सच्या मागे वर्षानुवर्षे बसणाऱ्या वादकाच्या कानांवर होणारा मारा शर्यतीच्या गाडीतील आवाजापेक्षा काही कमी नसतो. दोन्ही क्षेत्रांत उपायही जवळजवळ एकच सापडला आहे: कानाचा साचा घेऊन बनवलेली, आत छोटा स्पीकर बसवलेली बुचे. गायक त्यांतून स्वतःचा आवाज आणि साथ ऐकतो, चालक पिटमधील अभियंत्याचे बोलणे ऐकतो, आणि बाहेरचा गोंगाट बाहेर राहतो. घशाचा प्रश्न वेगळा आहे. उष्णतेने शरीरातील पाणी घटते आणि कोरडा घसा गायकाला परवडत नाही. मैफल आणि शर्यत एकाच आठवड्यात ठेवणे शहाणपणाचे नाही ते त्यामुळेच.

तालाची समज असलेला माणूस अधिक चांगला चालक होतो, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

मुलाखतींमध्ये हे वाक्य शोभून दिसते. ड्रम्स वाजवताना चारही अवयव स्वतंत्रपणे चालवावे लागतात आणि गाडीतही हात व पाय एकाच वेळी वेगवेगळी कामे करतात, एवढे साम्य मान्य करता येईल. एकाच वळणावर शंभर वेळा त्याच ठिकाणी, त्याच जोराने ब्रेक दाबणे यालाही एक लय असते. परंतु वादक चुकला तर गाणे पुढे जाते आणि पुढच्या मात्रेवर तो सावरतो; चालकाला ती मात्रा मिळेलच असे नाही. शिवाय उत्तम चालकांपैकी बहुसंख्यांना सूर-तालाशी काही देणेघेणे नसते. तेव्हा हा युक्तिवाद कौतुकापुरता ठेवावा.

कलाक्षेत्रातील आणखी कोणकोणते लोक अशा शर्यतींत उतरले आहेत?

फ्रान्समध्ये पहिले नाव जाँ-लुई त्रँतिन्याँ यांचे घ्यावे लागेल. हे अभिनेते १९८० मध्ये ल मांच्या शर्यतीत उतरले. त्यांच्या घराण्यात ही परंपरा होतीच: काका मोरिस त्रँतिन्याँ यांनी १९५४ मध्ये ल मां आणि १९५५ व १९५८ मध्ये मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली होती. अमेरिकी अभिनेते पॉल न्यूमन १९७९ मध्ये ल मांला पोर्श ९३५ गाडीतून दुसरे आले. त्याच वर्षी पिंक फ्लॉइडचे ड्रमवादक निक मेसन तेथे प्रथमच धावले आणि नंतरही येत राहिले. अभिनेते पॅट्रिक डेम्प्सी यांचा संघ २०१५ मध्ये आपल्या गटात दुसरा आला.

हौशी चालक किती मजल मारू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र कलावंताचे नसून खेळाडूचे आहे. १९९८ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सचे गोलरक्षक फाबियां बार्तेझ निवृत्तीनंतर जीटी शर्यतींकडे वळले, २०१३ मध्ये फ्रान्सचे जीटी अजिंक्यपद जिंकले, २०१४ मध्ये ल मांला उतरले आणि पुढे माजी फॉर्म्युला वन चालक ऑलिव्हिए पानिस यांच्यासह स्वतःचा संघही चालवला.

मोटारींचा शौक आणि शर्यत यांत गल्लत करू नये. ‘आलिन’ या १९६५ च्या गाण्याने गाजलेले गायक क्रिस्तोफ वेगवान इटालियन गाड्यांसाठी प्रसिद्ध होते आणि १९९६ च्या अल्बममधील एक गाणे त्यांनी एन्झो फेरारी यांच्या नावे केले; पण त्यांची ख्याती गाड्यांचे रसिक म्हणून आहे. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे: १९९७ चे फॉर्म्युला वन विजेते, कॅनडाचे जाक व्हिलनव्ह यांनी २००७ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्यांनी गाडीच चालवावी, असे अनेक श्रोत्यांचे मत पडले असल्यास नवल नाही.

शर्यतीचा परवाना असलेल्यांना रस्त्यावर वेगाची सूट मिळते का?

मुळीच नाही. शर्यतीचा परवाना क्रीडा महासंघ देतो, रस्त्यावरचा शासन देते, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. फ्रान्समध्ये महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११० ही मर्यादा शर्यतपटूंनाही लागू आहे.

भारतातून या वाटेने कोणी गेले आहे का?

करुण चंढोक हे २०१२ मध्ये ल मांच्या शर्यतीत धावलेले पहिले भारतीय. त्यांचा संघ त्या वर्षी एकूण क्रमवारीत सहावा आला. ते व्यावसायिक चालक, त्यापूर्वी फॉर्म्युला वनमध्ये खेळलेले. हौशी चालकाची वाट आपल्याकडे अजून अरुंद आहे. परवाना भारतीय मोटारक्रीडा क्लब महासंघाकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून मिळतो आणि पक्की सर्किटे चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडात आहेत. पुण्या-मुंबईच्या होतकरू चालकाला सरावासाठी यांपैकी एखादे ठिकाण गाठावे लागते, आणि गाडीच्या खर्चात प्रवासाचा खर्च मिळवावा लागतो.

हौशी चालकाचा निकाल कसा वाचावा?

प्रथम एकूण क्रमांक बाजूला ठेवावा आणि गटातील क्रमांक पाहावा. त्यानंतर त्याच गाडीतील व्यावसायिक सहकाऱ्याची वेळ शोधावी, कारण गाडी, टायर आणि हवामान दोघांना जवळपास सारखेच मिळालेले असते. सर्वांत वेगवान एकच फेरी पाहून मत बनवू नये. सलग पंधरा-वीस फेऱ्यांची सरासरी काढावी, कारण एक फेरी कोणालाही साधते. मग हे अंतर त्याच गटातील इतर ब्राँझ चालकांच्या अंतराशी ताडून पाहावे. अखेरीस दंडांची नोंद तपासावी: पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडली का, सर्किटच्या रेषेबाहेर किती वेळा चाके गेली, कोणाला धडक दिली का. गाडी धड अवस्थेत पुढच्या चालकाच्या हाती देणे हे हौशी चालकाचे पहिले काम आहे, आणि संघमालक पुढच्या हंगामासाठी कोणाला बोलवायचे हे ठरवताना वेगाच्या आधी तेच पाहतात.